मुदत संपलेल्या रोख्यांचे मौन

निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या घरी लोक कागदांची पिशवी घेऊन येतात, ते बहुधा कुणी गेल्यानंतरच. एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी गेल्या महिन्यात अशाच आल्या. पिशवीत 7.75 टक्के दराच्या केंद्र सरकारच्या बचत रोख्यांचे धारणपत्र होते. फेब्रुवारी 2018 मधील एक लाखाची गुंतवणूक, व्याज मुदतीअखेर एकरकमी. ‘‘पैसे सरकारकडे आहेत, वाढतच असतील,’’ असे त्या म्हणाल्या. वस्तुतः सात वर्षांची मुदत फेब्रुवारी 2025 मध्येच संपली होती. त्या दिवशी एका लाखाचे 1,70,300 रुपये झाले आणि त्यानंतर त्यात एक पैचीही भर पडलेली नव्हती.

त्यांचा समज अडाणीपणाचा नव्हे. बँकेतील मुदत ठेव विसरली गेली तरी तिच्यावर काही ना काही व्याज मिळते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 च्या आदेशानुसार, मुदत उलटूनही न काढलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर यांपैकी कमी असेल तो लागू होतो. रिझर्व्ह बँकच ज्यांचा हिशेब ठेवते, त्या सरकारी बचत रोख्यांना मात्र मुदतीनंतर काहीही नाही. हीच रक्कम चल व्याजदराच्या नव्या रोख्यांत 8.05 टक्क्यांनी गुंतवली असती, तर वर्षाला सुमारे 13,700 रुपये मिळाले असते. पेन्शनवर जगणाऱ्या घरात ही रक्कम लहान नसते.

वित्त खात्याची बाजू मला ठाऊक आहे. कर्ज ठरावीक मुदतीचे होते, ऋणको त्या दिवशी फेड करण्यास सिद्ध होता, धनको आला नाही यात ऋणकोचा दोष काय? कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे. ब्रिटिश सरकारच्या ‘कन्सोल’ रोख्यांना परतफेडीची ठरलेली तारीखच नव्हती. शेवटचे कन्सोल 2015 मध्ये फेडले जाईपर्यंत, पिढ्या उलटल्या तरी, त्यांवर व्याज चालूच राहिले. आपल्या सरकारने तारीख घातली, आणि तसा त्याला अधिकारही आहे. परंतु या रोख्यांची रक्कम नोंदलेल्या बँक खात्यात आपोआप जमा व्हावी अशी रचना असताना ‘धनको आला नाही’ हे म्हणणे पुरेसे ठरत नाही. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. अलाहाबाद, आंध्र, सिंडिकेट, कॉर्पोरेशन ही नावे इतिहासजमा झाली, शाखांचे संकेतांक बदलले. 2018 मध्ये नोंदलेला खात्याचा तपशील 2025 मध्ये निरुपयोगी ठरला, तर तो बदल धारकाने केलेला नव्हता. तो सरकारच्याच निर्णयाचा परिणाम होता. या बाईंची रक्कम अशीच परत गेली होती. सूचनापत्र निघालेही असेल, पण ते गेले असणार दोन घरांपूर्वीच्या पत्त्यावर.

टपाल खात्याची पत्रे ही आणखी जुनी कहाणी. 1986 मध्ये आलेल्या इंदिरा विकास पत्रावर घेणाऱ्याचे नावच नसे. ज्याच्या हाती पत्र, त्याचे पैसे. हरवले तर दुसरी प्रत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये मान्य केले. ही योजना 1999 मध्ये बंद झाली, म्हणजे आज कपाटात सापडणारे प्रत्येक इंदिरा विकास पत्र केव्हाच मुदतबाह्य आहे. नोव्हेंबर 2011 अखेर बंद झालेल्या जुन्या किसान विकास पत्रांची मुदतही 2020 च्या मध्यापर्यंत संपली. 2014 नंतरची पत्रे निराळी. आता तर मुदतीनंतर तीन वर्षे न हललेली टपाल खाती वर्षातून दोनदा गोठवण्याचा आदेश जुलै 2025 मध्ये निघाला आहे. दीर्घकाळ बेवारस राहिलेल्या अल्पबचतीच्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वळत्या होतात आणि तिथे पंचवीस वर्षे कुणी दावा न केल्यास सरकारजमा होतात. वृद्धांनी विसरलेल्या पैशातून वृद्धांचे कल्याण, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला विनोदाचे अंग असावे.

ज्या घरांत 2018 ते मे 2020 या काळातील 7.75 टक्क्यांचे रोखे आहेत, तिथे मुदतपूर्तीच्या तारखा जानेवारी 2025 पासून मे 2027 पर्यंत पसरलेल्या आहेत. जुलै 2027 पासून चल व्याजदराच्या रोख्यांची पाळी येईल. त्याआधी सरकारने दोन गोष्टी तरी कराव्यात. बेवारस बँक ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये ‘उद्‌गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. तसा नावावरून होणारा शोध रोख्यांसाठीही हवा. आणि खात्यात भरलेली रक्कम परत आली, तर ती पुन्हा भरली जाईपर्यंत बचत खात्याइतके व्याज द्यावे. बँकांना घातलेला नियम सरकारने स्वतःला लावून घेण्यास अडचण नसावी.

बाईंसाठी वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नव्या खात्याचा रद्द केलेला धनादेश आम्ही जोडला. पिशवीच्या तळाशी आणखी एक घडी निघाली. ती 8 टक्क्यांच्या, सहा वर्षे मुदतीच्या रोख्यांची होती, खरेदी 2013 ची. तिचे व्याज 2019 मध्येच थांबले होते. त्यासाठी आम्ही दुसरा अर्ज भरायला घेतला.