१६१ म्हणजे कोणते अक्षर?

डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारमधल्या एखाद्या मराठी घरातल्या संगणकावर जुनी फाईल उघडली आणि तिच्यात १६१ हा आकडा निघाला, तर पडद्यावर काय दाखवायचे? पश्चिम युरोपच्या आयएसओ ८८५९-१ या कोष्टकात १६१ म्हणजे उलटे उद्गारचिन्ह. आयरिशसह केल्टिक भाषांसाठी १९९८ मध्ये आलेल्या ८८५९-१४ मध्ये तोच आकडा डोक्यावर टिंब असलेला मोठा ‘बी’ होतो. गेलिक वळणाच्या छपाईत व्यंजन मृदू झाल्याची खूण म्हणून हे टिंब देत. पुढे त्याची जागा ‘एच’ने घेतली. आणि भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या ‘इस्की’त १६१ म्हणजे चंद्रबिंदू!

साध्या मजकूर-फाईलमध्ये कोष्टकाचे नाव नसते. ते कळले, की आयरिशचे काम सोपे: टिंबवाल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे.

इस्कीचेही बरेचसे तसेच, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे. पण १६१ नंतर २३३, म्हणजे नुक्ता, आला तर दोन्ही मिळून ॐ होतो. दंडानंतर नुक्ता आला तर अवग्रह. तेव्हा पुढचा आकडा पाहिल्याशिवाय आधीच्याचा अर्थ लावता येत नाही.

मराठीची खरी कसोटी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत आहे. गुरूंना द्यायची दक्षिणा स्वयंपाक्यांच्या हाती जाऊ नये, तर सॉफ्टवेअरला हा फरक राखावाच लागतो. युनिकोडमध्ये दुसऱ्या शब्दातला अर्धा र ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तो उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोध घेताना एक दुसऱ्याशी जुळत नाही. रूपांतर करताना पहिलीच पद्धत पाळावी, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत अवघड मजकूर छपाईसाठी वापरलेल्या जुन्या फॉन्टांमधला. तिथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि ते दिसतील त्या क्रमाने साठवले जात. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी असते, युनिकोडसाठी ती उचलून ‘थ’च्या मागे न्यावी लागते. ‘अर्थ’मधला रफार ‘थ’नंतर असतो, तो ‘र्’ होऊन आधी यायला हवा. शिवाय तुकड्यांची कोष्टके फॉन्टागणिक वेगळी. म्हणून मंडळांच्या स्मरणिका आणि लेखकांची बाडे जपणाऱ्यांनी फाईलसोबत फॉन्टचे नावही लिहून ठेवावे. ते हरवले, तर छापील प्रत समोर ठेवून एकेका आकड्याचा अर्थ लावत बसावे लागते.