चुडाव्यात सध्या कोण काय वाचतंय?

चुडावा स्टेशनवर परवा एक पोरगा स्पर्धा परीक्षेचं गाईड मांडीवर ठेवून त्याच्या आड 'पाचोळा' वाचत होता. विचारलं तर म्हणाला, "आमच्या मायसारखीच बोलते हो ही बाई!"

अगदी खरंय. रा. रं. बोराड्यांची ही कादंबरी 1971ची. गावातल्या शिंप्याचं घर कसं मोडत गेलं, ते त्याची बायको सांगते, तेही मराठवाडी बोलीत. मनात वाचून तिची निम्मी चव जाते. घरात मोठ्यानं वाचा, म्हातारी माणसंही सरकून जवळ बसतात.

मी सध्या आसाराम लोमटे यांचा 'आलोक' दुसऱ्यांदा वाचतोय. लेखक आपल्याच परभणी जिल्ह्यातले. या कथासंग्रहाला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेती, गावचं राजकारण, जात, सगळं आहे, पण कुठं गळा काढलेला नाही. लोमटे पत्रकार आहेत, त्यामुळे तपशील पक्के. एका मित्राला कथा लांबलेल्या वाटल्या. मला नाही पटलं. गावातला ताण असाच हळूहळू चढत जातो.

बी. रघुनाथ मात्र आपल्याकडं फार कमी वाचले जातात, याचं वाईट वाटतं. जन्म सातोन्याचा, 1913चा. निजामाच्या राजवटीत, उर्दूचा दबदबा असताना हा माणूस मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिला. 1953 साली, चाळिशीतच गेला. 'आडगावचे चौधरी'पासून सुरुवात करा.

तुमच्या हातात सध्या कोणतं पुस्तक आहे? आवडलं नसेल तरी सांगा, का नाही आवडलं तेही लिहा. कुठून सुरुवात करावी असा प्रश्न असेल तर बिनधास्त विचारा.