स्नेही दांपत्यांतील अव्यक्त आकर्षण आणि व्यभिचाराचा कायदा

प्रस्तावना :
मित्राच्या पत्नीस नात्याच्या नावाने संबोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात मराठीतील 'वहिनी', कन्नडमधील 'अत्तिगे' व तेलुगूतील 'वदिना' हे शब्द मुळात भावाच्या पत्नीचे वाचक आहेत. या संबोधनामुळे मित्रास घरात मोकळा प्रवेश मिळतो व त्याच वेळी मर्यादाही आखली जाते. मात्र त्या मर्यादेत आकर्षण निर्माण झाल्यास ते व्यक्त करण्यास शब्द उरत नाही. विश्वासभंग झाल्यावर कायदा कोणाचे दुःख ऐकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नानावटी खटला :
नौदल अधिकारी कावस नानावटी व पत्नी सिल्व्हिया यांची प्रेम आहुजा व त्यांच्या बहिणीशी १९५६ मध्ये मुंबईत स्नेह्यांमार्फत ओळख झाली. आहुजा अविवाहित होते. परंतु संबंध जुळला तो कौटुंबिक स्नेहातूनच. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने कबुली दिल्यानंतर काही तासांत नानावटींनी आहुजांची हत्या केली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल नाकारला व सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. पतीच्या प्रतिष्ठेवर सर्वत्र चर्चा झाली. पत्नी मात्र केवळ साक्षीदार राहिली.

कलम ४९७ :
१८६० च्या भारतीय दंड संहितेतील या कलमानुसार परस्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीविना संबंध ठेवणाऱ्या पुरुषास पाच वर्षांपर्यंत कारावास होता. त्या स्त्रीस शिक्षा नव्हती. दोन स्नेही दांपत्यांचा विचार केल्यास या तरतुदीतील विसंगती स्पष्ट होते. येथे दुखावलेल्या व्यक्ती दोन असतात : एक पती व एक पत्नी. परंतु फिर्यादीचा अधिकार केवळ पतीस होता. ज्या पत्नीने मैत्रीण व पती दोन्ही गमावले, तिला फौजदारी कायद्यात स्थान नव्हते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती एकमताने रद्द केली.

समारोप :
व्यभिचार आता गुन्हा नसला, तरी घटस्फोटाचे कारण आहे; हिंदू विवाह कायद्यानुसार हा मार्ग पती व पत्नी दोघांनाही खुला आहे. तथापि अव्यक्त आकर्षणास कायदा स्पर्श करीत नाही व तुटलेल्या मैत्रीची भरपाईही करू शकत नाही. म्हणून मर्यादेचा प्रश्न अखेरीस दांपत्यांच्या परस्पर संवादाकडेच येतो.