विश्लेषण : सुवर्ण मंदिरातील कीर्तन टीव्हीवर कोणी दाखवायचे?

अमृतसरच्या सुवर्ण मंदिरात पहाटे ‘आसा दी वार’चे कीर्तन सुरू होते, तेव्हा पंजाबमधील असंख्य घरांत टीव्ही लावलेला असतो. या प्रक्षेपणाचे हक्क अनेक वर्षे एका खासगी वाहिनीकडे होते. जुलै २०२३ मध्ये तो करार संपला. मात्र ‘मंदिराची स्वतःची वाहिनी का नाही?’ हा प्रश्न कायम राहिला.

प्रक्षेपणात काय असते?

निवेदक नाही, चर्चा नाही. अकाल तख्तातून पालखीने येणारा गुरू ग्रंथ साहिब, रागी जत्थ्यांचे कीर्तन आणि ग्रंथ उघडल्यावर समोर येणारे त्या दिवसाचे वचन, म्हणजे हुकुमनामा. संध्याकाळी ‘रहिरास’ आणि आरती होते. या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत, त्यामुळे मराठी माणसासाठीही हे कीर्तन अगदीच परके नाही. नामदेवांच्या घुमानमध्ये २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

मागणी किती जुनी?

टीव्हीवरील प्रक्षेपणापेक्षा जुनी. १९८२ मध्ये अकाली दलाने सुरू केलेल्या धर्मयुद्ध मोर्चाच्या मागण्यांत सुवर्ण मंदिरातील कीर्तन रेडिओवरून ऐकवण्याची मागणी होती. मंदिराला स्वतःचे प्रक्षेपण केंद्र हवे होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी २७ फेब्रुवारी १९८३ रोजी आकाशवाणीच्या जालंधर केंद्रावरून कीर्तन प्रसारित करण्याची घोषणा केली. म्हणजे आवाज मंदिराचा, यंत्रणा दुसऱ्याची. पुढे टीव्हीच्या काळातही हेच सूत्र राहिले.

खासगी वाहिनीचा वाद काय?

सुरुवातीला ईटीसी आणि २००७ पासून पीटीसी या वाहिनीने प्रक्षेपण केले. २०१२ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने पीटीसीच्या कंपनीशी ११ वर्षांचा करार केला. ही वाहिनी बादल कुटुंबाच्या जवळची असल्याची टीका होत राहिली. जानेवारी २०२० मध्ये वाद आणखी पेटला. वाहिनीने हुकुमनाम्याच्या प्रसारणावर बौद्धिक संपदा हक्क सांगितल्याने ‘गुरूच्या वाणीवर मालकी कोणाची?’ असा सवाल उभा राहिला. तांत्रिकदृष्ट्या हक्क ध्वनिमुद्रणाचा असतो, वचनाचा नव्हे. पण भाविकांना हा फरक समजावणे सोपे नव्हते, आणि तो पटण्यासारखाही नव्हता.

यूट्यूब पुरेसे का नाही?

करार संपताच समितीने २४ जुलै २०२३ पासून स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर प्रक्षेपण सुरू केले. पण यूट्यूबसाठी स्मार्टफोन किंवा स्मार्ट टीव्ही आणि इंटरनेट लागते. गावाकडच्या आजी-आजोबांना रिमोटवरचा नेहमीचा क्रमांक ठाऊक असतो, लिंक नव्हे. ही अडचण ओळखून अकाल तख्ताच्या जथेदारांनी टीव्हीवरील प्रक्षेपण खंडित होऊ नये, अशी सूचना केली. त्यानंतर समितीने स्वतःची उपग्रह वाहिनी उभी राहीपर्यंत प्रक्षेपण चालू ठेवण्याची विनंती केली, तीही पीटीसीलाच.

तिरुपतीला जमले, मग अमृतसरला का नाही?

तिरुमला तिरुपती देवस्थानमची ‘श्री व्यंकटेश्वर भक्ती चॅनल’ ही वाहिनी २००८ पासून सुरू आहे. तेलुगूपासून सुरुवात करून ती तमिळ, कन्नड आणि हिंदीतही गेली. तिच्यासाठी देवस्थानाने वेगळी कंपनी काढली. उपग्रह वाहिनीची परवानगी कंपनी किंवा एलएलपीला मिळते. शिरोमणी समिती मात्र १९२५ च्या कायद्याने स्थापन झालेली निवडून आलेली संस्था आहे. शिवाय उपग्रहावरील जागा, सिग्नल वर पाठवणारे टेलिपोर्ट आणि केबल-डीटीएचवर दिसण्यासाठीचे शुल्क हा दरमहाचा खर्च आहे. यूट्यूबवर यातले काहीच लागत नाही.

कायदा कुठे अडला?

पंजाब विधानसभेने २० जून २०२३ रोजी १९२५ च्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. प्रक्षेपण सर्वांसाठी मोफत असावे, हा मुख्यमंत्री भगवंत मान यांच्या सरकारचा आग्रह. एका वाहिनीची मक्तेदारी मोडण्याचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण समितीचा आक्षेपही हलका नाही : १९६६ च्या पुनर्रचनेनंतर हा कायदा आंतरराज्यीय झाला, त्याला राज्य एकटे हात लावू शकत नाही. राज्यपालांनी विधानसभेचे ते अधिवेशनच वैध आहे का, असा प्रश्न केला. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी ते वैध ठरवले, तरी डिसेंबरमध्ये राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवले.