सोनेरी पाठ नव्हे, मान पाहा

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर वसलेलं उल्हासनगर आज अतिशय दाट वस्तीचं शहर आहे. तिथे कॅम्प २ या भागात एखाद्या नारळाच्या खोडावर सोनेरी पाठीचा सुतार पक्षी दिसला, तर बहुतेक पक्षीनिरीक्षक पाठ पाहूनच ‘सोनपाठी सुतार’ अशी नोंद करतात, आणि शहरात ती बहुधा बरोबरही निघते. पण उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, बदलापूरपलीकडे बारवी धरणाभोवतीच्या पानगळी रानात तीच सवय धोक्याची ठरते. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात त्याच्यासारखाच दिसणारा पांढऱ्या मानेचा सुतारही आहे. या दोघांत निवड करताना सोनेरी पाठ हा पुरावाच धरता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाठ दोघांचीही सोनेरी. नराचा तुरा दोघांचाही लाल. सोनपाठी २६ ते २९ सेंटिमीटर, दुसरा सुमारे २९. झाडावर हा फरक डोळ्याला कळत नाही. कंबर काळी की लाल हे पाहावं, असं सांगितलं जातं. त्या खुणेने घाटातल्या ओल्या जंगलातला लाल कमरेचा मोठा सुतार वेगळा काढता येतो. या दोघांची कंबर मात्र काळीच. खरा फरक आहे मानेत आणि गळ्यात. सोनपाठीची मान मागून काळी, आणि गळाही काळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. दुसऱ्याची मान मागून स्वच्छ पांढरी. तो पांढरा पट्टा पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो आणि दोन्ही बाजूंचे काळे खांदे त्याला चौकट घालतात. त्याचा गळा पांढरा, त्यावर काळ्या रेषा. मादी असेल तर काम आणखी सोपं. पांढऱ्या मानेच्या मादीचा माथा पिवळा असतो. सोनपाठीच्या मादीचा माथा पुढून काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि फक्त मागचा तुरा लाल.

इतकं साम्य असल्यावर ही सख्खी भावंडं असावीत, असं कुणालाही वाटेल. तशी ती नाहीत. सोनपाठी ‘डायनोपियम’ वंशातला, पांढऱ्या मानेचा ‘क्रायसोकोलॅप्टिस’ वंशातला, आणि जनुकीय अभ्यासांनुसार हे दोन वंश सुतारांच्या दोन वेगळ्या शाखांवर आहेत. पायातही ते दिसतं: दुसऱ्याच्या पायाला चार भक्कम बोटं, तर सोनपाठीचं एक बोट अगदी खुरटलेलं. मग रंग एक कसा? एकाच अधिवासात राहिल्यामुळे तो योगायोगाने जुळला असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण श्रीलंकेत या दोन्ही वंशांतले एकेक सुतार सोनेरी सोडून गडद लाल पाठीचे झाले आहेत. एकाच बेटावर दोघांनी एकच नवा रंग घेणं निव्वळ योगायोगाने समजावणं कठीण आहे. २०१९ साली जगभरच्या सुतारांच्या पिसाऱ्यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकत्र राहणाऱ्या सुतारांचे रंग निव्वळ नात्याने किंवा हवामानाने जुळावेत त्याहून अधिक जुळतात, असं त्यात दिसलं. मोठ्या, दांडग्या पक्ष्यासारखं दिसण्यात धाकट्याचा फायदा असावा, ही त्यामागची एक उपपत्ती. ती पूर्ण सिद्ध झालेली नाही. तरी जो रंग दुसऱ्यासारखा होऊ शकतो त्यावर ओळख टेकवणं चूक, एवढं त्यातून नक्कीच निघतं.

अमेरिकेतल्या एका गाजलेल्या वादाची मुळंही याच दोन शाखांत आहेत. तिथला दुर्मीळ आयव्हरी-बिल्ड सुतार आपल्या पांढऱ्या मानेच्या सुताराच्या शाखेचा. त्याच्याशी गल्लत होणारा सहज आढळणारा पायलिएटेड सोनपाठीच्या शाखेचा. २००४ मध्ये आर्कान्सामध्ये काही सेकंदांची अस्पष्ट चित्रफीत मिळाली, २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आयव्हरी-बिल्ड जिवंत असल्याचा दावा छापून आला आणि २००६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रत्युत्तर आलं की हा पायलिएटेडच आहे. मुख्य वाद पंखावरचं पांढरं नेमकं कुठल्या कडेला आहे, यावर होता. तिथे दुर्मीळ पक्ष्याची आस नजरेच्या पुढे धावली असेल, तर आपल्याकडे नेहमीच्या पक्ष्याची सवय धावते.

कॅमेरा आणि मोबाइलवरचं ॲप असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण छायाचित्रात मान आलीच नसेल, तर ॲपही पाठीवरूनच अंदाज बांधणार. आणि नाव चुकलं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. सोनपाठी बागेत, माडांत, शहरातल्या झाडांवरही निभावून नेतो. पांढऱ्या मानेचा सुतार मात्र मुख्यतः पानगळी रानाचा. ते रान विरळ होत असताना त्याच्या नोंदी सोनपाठीच्या खात्यात जमा होत राहिल्या, तर तो कमी झाल्याचं कागदावर दिसणारही नाही. म्हणून अंबरनाथ-बदलापूर भागातल्या निरीक्षकांना विनंती आहे: ई-बर्डवर नोंद करताना मानेची मागची बाजू आणि गळ्याचा रंग, दोन्ही शब्दांत लिहा. दोन्ही दिसले नसतील, तर नुसतं ‘सोनेरी पाठीचा सुतार, जात अनिश्चित’ असं लिहा.