श्रेयांक वटणार कोठे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत मूल अकरावीत पोहोचले की प्रश्न उभा राहतो : गणितासाठी शाळेतील ‘एपी कॅल्क्युलस’ घ्यावे, की शाळेत असतानाच महाविद्यालयाचा अभ्यासक्रम, अर्थात ‘ड्युअल एनरोलमेंट’?

कॉलेज बोर्डाची एपी परीक्षा मे महिन्यात होते. एका दिवसाच्या कामगिरीवर १ ते ५ गुण मिळतात. परीक्षा देशभर एकच असल्याने हे गुण सर्वत्र परिचित आहेत. मात्र कोठे ३ गुण पुरतात, कोठे ५ लागतात.

दुसऱ्या मार्गात सत्रभराच्या कामावर श्रेणी ठरते. एकाच परीक्षेचे दडपण नसते. परंतु घसरलेली श्रेणीही महाविद्यालयीन गुणपत्रकावर कायम राहते. हे श्रेयांक त्याच राज्यातील सरकारी विद्यापीठांत सहसा मान्य होतात. अनेक खाजगी विद्यापीठे ते नाकारतात.

मान्य झालेला श्रेयांक शुल्कात मोठी बचत करतो. म्हणूनच धनादेश वटेल का, हे जसे आधी पाहावे, तसेच इच्छित विद्यापीठाचे श्रेयांकविषयक नियम पालकांनी प्रथम वाचावेत. पाया कच्चा ठेवून मिळविलेला श्रेयांक मात्र पुढच्या वर्गात महाग पडतो.