लहान लिलांव-पेठेचें गणित

व्यापारी आपली पेठ सहसा सोडीत नाहीं. कारण गिऱ्हाईक आणि पत हीं दोन्ही जागेशीं जडलेलीं असतात. इंटरनेटवर विक्री करणाराला ना दुकान, ना गल्ला. तेव्हां त्याला पेठ बदलणें अगदीं सोपें जात असेल, अशी कल्पना होणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत पिएर ओमिद्यार यांनीं १९९५ सालच्या सप्टेंबरांत संगणकावर लिलांवाची जी पेठ उघडली, तीच पुढें ईबे या नांवानें जगप्रसिद्ध झाली. घरांतील जुन्या चीजवस्तूंपासून दुर्मिळ नाण्यांपर्यंत सर्व कांहीं तेथें बोलीनें विकलें जाऊं लागलें, आणि अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालूं लागला. २००८ सालच्या फेब्रुवारींत ईबेनें माल मांडण्याची फी उतरविली, पण विक्रीवरील दलाली वाढविली. किंमतीच्या पहिल्या २५ डॉलरांवर ती शेंकडा ५.२५ होती, ती ८.७५ झाली. शिवाय त्याच वर्षींच्या मे महिन्यापासून खरेदीदाराविषयीं प्रतिकूल अभिप्राय नोंदण्याचा विक्रेत्यांचा हक्क काढून घेण्यांत आला. पुष्कळ विक्रेत्यांनीं १८ फेब्रुवारीपासून आठवडाभर बहिष्कार पुकारला, आणि कमी दलाली घेणाऱ्या लहान पेठांची चौकशी सुरू झाली.

येथें लिलांवाचें मर्म ध्यानीं घेतलें पाहिजे. ईबेवर बोली देणारा आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो. यंत्र त्याच्या वतीनें प्रतिस्पर्ध्याच्या एक पायरी वर, एवढीच बोली चढवितें. म्हणजे माल जरी सर्वांत मोठी रक्कम देणाराच्या पदरीं पडला, तरी किंमत ठरवितो तो त्याच्या खालचा दुसरा गिऱ्हाईक!

समजा, एका जुन्या घड्याळासाठीं एक गृहस्थ १०० डॉलर द्यावयास तयार आहे व दुसरा ९०. मोठ्या पेठेंत दोघेही हजर असल्यानें तें ९१ डॉलरांना जाईल, आणि शेंकडा १० दलाली वजा जातां विक्रेत्याच्या हातीं ८१.९० डॉलर पडतील. लहान पेठेंत पहिला गृहस्थ आला, पण त्याच्या जोडीला ४० डॉलरांवर थांबणारा आला, तर घड्याळ ४१ डॉलरांना जाईल. दलाली शेंकडा ३ च असली, तरी हातीं येतील ते ३९.७७. दलालींत सुमारें आठ डॉलर वांचले, किंमतींत पन्नास गेले!

केवळ स्वस्ताईनें पेठ भरत नाहीं, याचें प्रत्यंतर याहू कंपनीच्या अनुभवांत मिळतें. अमेरिकेंतील आपल्या लिलांवांवरील फी तिनें २००५ सालीं साफ माफ केली. तरीही २००७ च्या जूनमध्यें ती पेठ मिटवावी लागली. जपानांत नेमकें उलट घडलें. तेथें याहूची पेठ १९९९ सालीं आधींच भरली होती. २००० सालीं मागाहून आलेल्या बलाढ्य ईबेला २००२ सालीं तेथून काढता पाय घ्यावा लागला. गिऱ्हाईक मालाकडे धांवतें आणि माल गिऱ्हाइकाकडे. जेथें दोघे आधीं जमले, तेथून त्यांना हलविणें कठीण.

मग लहान पेठ निरुपयोगीच समजावी काय? तसेंही नाहीं. बेल्जममध्यें २००० सालीं निघालेली डेलकांप ही पेठ ईबेच्या मानानें चिमुकलीच. पण टपालाचीं तिकिटें, जुनीं पोस्टकार्डें, नाणीं अशा वस्तूंचे षोकी तेथें मुद्दाम जमतात. तिकीट विकणाराला लाख लोकांची गर्दी नको असते. त्याच तिकिटाच्या शोधांत असलेले दोघे पुरेसे होतात. तात्पर्य, पेठ केवढी आहे यापेक्षां आपल्या मालाचे गिऱ्हाईक तेथें किती आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा.

म्हणून शहाणा विक्रेता एकदम बिऱ्हाड हलवीत नाहीं. वर्षानुवर्षें जमविलेले चांगले अभिप्राय जुन्याच पेठेंत राहतात. नव्या ठिकाणीं पत पहिल्यापासून मिळवावी लागते. आरंभीं तो थोडा माल नेतो, आणि बोली देणारे तुरळक असेतोंपर्यंत लिलांवाऐवजीं ठराविक किंमत लावतो. एकुलती एक वस्तु मात्र दोन्हीकडे एकाच वेळीं लिलांवास ठेवीत नाहीं. ती दोन्हीकडे विकली गेली, तर एका गिऱ्हाइकाशीं वचनभंग ठरलेलाच. कांहीं महिन्यांनीं तो हिशेब पाहतो: दलाली किती वांचली हा नव्हे, तर न विकलेला माल धरून प्रत्यक्ष हातीं काय उरलें हा.

एवढा खटाटोप तरी कां करावा, याचें उत्तर आपल्याच देशांत मिळतें. मुंबईची बाझी डॉट कॉम ही पेठ ईबेनें २००४ सालीं विकत घेतली. पुढें ईबेची भारतीय पेठ म्हणून ती नांवारूपास आली, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजीं बंद झाली. ज्यांची सारी विक्री त्या एकाच ठिकाणीं होती, त्यांना त्या दिवशीं पेठ बदलावयाची कीं नाहीं हा विचार करण्याची सवडच उरली नाहीं. ज्यानें दुसरीकडे लहानसें कां होईना, पण दुकान आधींच मांडलें होतें, त्याला निदान कोठें जावयाचें हें ठाऊक होतें.